पाणी पाजणारीचा वाटा

त्या पोरीकडं माझं लक्ष गेलं ते तिच्या चालण्यामुळं. चौथीत होती, अंगानं बारकी, आणि चालताना डावीकडं कललेली. धाकट्या भावाला सारखं डाव्या कडेवर घेऊन घेऊन तिची कंबरच तशी झाली होती. भाऊ कडेवर नसला तरी ती तशीच चालायची. तांड्यावर कुणाला त्यात वेगळं काही दिसायचं नाही, कारण निम्म्या बाया तशाच चालत होत्या.

मी तांड्यावरच्या अंगणवाडीची सेविका. आम्ही शेजारच्या गावातले, सेनगाव तालुक्यातले, घरची कोरडवाहू शेती. गाव आणि तांडा यांच्यामध्ये फक्त एक ओढा आहे, तरी तो ओलांडायला आमच्या गावातल्या लोकांच्या जिवावर येतं. मला नोकरीमुळं रोज ओलांडावा लागला. सुरुवातीला तांड्यावरच्या बाया आपसात बोलायच्या त्यातलं एक अक्षर कळायचं नाही. आता निम्मं कळतं आणि शिव्या सगळ्या कळतात.

शाळा आणि अंगणवाडी एकाच आवारात, मध्ये एक कडुलिंब. हळद काढायचे दिवस आले की ती पोरगी वर्गात नसायची, वर्गाच्या खिडकीबाहेर असायची. भाऊ कडेवर, एक हात गजाला. गुरुजींनी आत प्रश्न विचारला की उत्तर बाहेरून यायचं. गुरुजी भला माणूस. "आतल्यांना लाज वाटू द्या रे जरा," म्हणायचे. पण भावानं भोकाड पसरलं की तेच गुरुजी हातानं तिला लांब जा म्हणून खुणावायचे, आणि ती कडुलिंबाखाली जाऊन त्याला झुलवत उभी राहायची. उत्तर ठाऊक असलेली पोर झाडाखाली आणि ठाऊक नसलेली पोरं सतरंजीवर, हे बघून माझं डोकं तापायचं.

आमच्याकडं हळद गुत्त्यानं काढतात. गुत्तं म्हणजे अमुक एवढं रान ठरलेल्या रकमेत काढून द्यायचं. रोजंदारी नाही. बायांची टोळी जितकी लवकर उरकेल तितकं लगेच दुसरं रान हाताला लागतं, म्हणून टोळी उजाडायच्या आधी निघते. पिकअपचा हॉर्न वाजला की बाया भाकरी फडक्यात बांधत पळत सुटतात. आणि माझी अंगणवाडी उघडते दहाला. शिवाय तीन वर्षांच्या आतलं लेकरू अंगणवाडीत ठेवायचं नाही, त्याच्या वाट्याचं पोषण आहाराचं पाकीट घरी पाठवायचं असा नियम. पाकीट घरी पाठवायचं, पण घरी आहे कोण? घराला कडी आणि लेकरू बहिणीच्या कडेवर, नाहीतर आईबरोबर रानात, बांधावर टाकलेलं. हे वेळापत्रक ज्यानं कुणी ठरवलं त्यानं उंटावरून शेळ्या हाकल्या, एवढंच मी म्हणेन.

तांड्यावरची शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला जीपनं तालुक्यातल्याच गोरेगावला जावं लागतं. आणि मी इतक्या वर्षांत एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली होती. होळीच्या आधी जी पोर वर्गातून सुटते ती जूनमध्ये त्या जीपमध्ये बसत नाही. कुणी तिला शाळा सोड म्हणत नाही. घरात भांडण होत नाही. सवय मोडते, वर्गातल्या पोरी पुढं जातात, आणि पुढच्या हळदीला ती पिकअपमध्ये दिसते. माझ्या अंगणवाडीत बडबडगीतं म्हणून गेलेल्या दोन पोरी अशाच टोळीत गेल्या होत्या. त्या वर्षी मी ठरवलं, ही तिसरी जाऊ द्यायची नाही. जे व्हायचं ते होवो.

मी बायांना सांगून टाकलं, उद्यापासून हॉर्न वाजायच्या आधी मी दार उघडते, तान्ही लेकरं माझ्याकडं ठेवा. आमच्या मदतनीस मावशी तांड्यावरच्याच, वयानं मोठ्या. त्या म्हणाल्या, "बाई, तुमचं डोस्कं ठिकाणावर हाय का? दहाच्या आधीचा पगार कोन देऊन राहिलं तुमाला?"

"तुम्ही येणार का नाही तेवढं सांगा," मी म्हणाले.

"येईन की. न्हाई म्हणून राहिले का मी?"

छताच्या लोखंडी अँगलला आम्ही दोर बांधले. झोळीसाठी प्रत्येकीनं आपापलं एक लुगडं आणायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे बाया आल्या, आणि प्रत्येकीच्या हातात साबणाचा वास येणारं, घडी घातलेलं स्वच्छ लुगडं. मला भरून आलं. झोळ्या बांधल्या, लेकरं घातली, पिकअप गेली. आणि मग जो काही गोंधळ सुरू झाला तो विचारू नका. एकानं सूर लावला की सगळी त्याला साथ देणार. मावशी एकीकडून झोके देताहेत, मी दुसरीकडून. "याडी, याडी" म्हणून नुसता आकांत. याडी म्हणजे त्यांच्यात आई. ती पोरगी वर्गातून उठून दोनदा भावाला बघायला आली आणि दुसऱ्या वेळी परत गेलीच नाही. असे काही दिवस गेले. माझे कान किटले, मावशींचा आवाज बसला, आणि बाया संध्याकाळी सुजलेल्या डोळ्यांची लेकरं बघून माझ्याकडं तिरप्या नजरेनं बघायला लागल्या.

या पोरीची आई कमी बोलणारी. टोळीत हळद खणायला तिच्या तोडीचा हात नाही असं सगळ्याच म्हणायच्या. नवरा पुण्याकडं बांधकामावर, वर्षातून दोनदा यायचा. एके दिवशी तिला उशीर झाला. हॉर्न वाजत होता. ती धावत आली आणि आदल्या दिवशी रानात नेसलेलं लुगडं तसंच बोळा करून माझ्या हातात दिलं. मातीनं भरलेलं, हळदीनं पिवळं झालेलं, घामाचा वास मारणारं.

"धुतलं न्हाई बाई. घाण हाय," ती मान खाली घालून म्हणाली. "उद्या धुऊन देते."

त्या दिवशी सगळी झोळी-मंडळी रडली, फक्त तिचा पोरगा रडला नाही. लुगड्यात तोंड खुपसून डाराडूर झोपला. मी आणि मावशी एकमेकींकडं बघत राहिलो आणि मग मावशींनी कपाळावर हात मारून घेतला. सरकारी जागेत मळकं कसं द्यायचं म्हणून बाया रोज इमानानं लुगडी धुऊन आणत होत्या, आणि धुण्यात आईचा वासच निघून जात होता. पाच लेकरं वाढवलेल्या मावशींना ते सुचलं नाही, दोन वाढवलेल्या मला सुचलं नाही आणि त्या आयांनाही सुचलं नाही. मान राखायच्या नादात सगळ्यांनाच विसर पडला होता. दुसऱ्या दिवशी मी दारातच उभी राहिले आणि जाहीर केलं, "जी धुतलेलं लुगडं आणील तिला मी परत पाठवीन." बाया तोंडाला पदर लावून हसल्या. पुढं माझ्या अंगणवाडीला हळदीच्या रानाचा वास यायला लागला आणि लेकरं झोपायला लागली.

ती पोरगी वर्गात बसायला लागली. पहिले दोन-तीन दिवस खिडकीशी बसून ती आमच्या इमारतीकडंच बघायची. मग हळूहळू फळ्याकडं बघायला लागली. मला वाटलं, जिंकलो.

आणि मग मॅडम आल्या. आमच्या कामाची तपासणी करणाऱ्या त्या. बाई वाईट नव्हेत, पण त्यांच्या हाताखाली इतक्या अंगणवाड्या की त्यांना सगळीकडं घाईच. त्या दारात थबकल्या.

"हे काय लावलंय?"

"झोळ्या."

"ते दिसतंय मला. तीनच्या आतलं लेकरू इथं ठेवायची परवानगी आहे का? उद्या एखादं पडलं तर उत्तर कुणी द्यायचं? मलाच ना?"

"आणि बांधावर पडलं तर कोण उत्तर देतं मॅडम?"

"ते माझ्या कामात येत नाही."

"कुणाच्याच कामात येत नाही, तेच तर म्हणते."

"पाळणाघराची योजना असते की," त्या म्हणाल्या. मी विचारलं, जवळचं पाळणाघर कुठं आहे? त्यांनाही सांगता आलं नाही. खोटं कशाला बोलू, त्यांचं चुकत नव्हतं. दोर तुटला असता तर त्यांची नोकरी गेली असती आणि माझीही. तरी मला इतका राग आला होता की झोळ्यांचे दोर सोडताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मॅडम पाठ करून उभ्या होत्या. गाडीत बसताना त्यांनी आवारापलीकडच्या देवळाच्या सभामंडपाकडं बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "ते देऊळ काही आपल्या खात्यात येत नाही." आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी ती पोरगी भावाला कडेवर घेऊन पुन्हा खिडकीबाहेर उभी होती. तिनं मला काही विचारलं नाही. तिला जणू हे होणारच होतं हे ठाऊक होतं. मला तेच सहन झालं नाही. दहा वर्षांच्या लेकराला निराशेची इतकी सवय असू नये.

त्याच संध्याकाळी मी बायांना देवळाच्या सभामंडपात बोलावलं. रानातून आलेल्या, हातपाय पिवळे, कुणाची चूल पेटायची राहिलेली. मी सांगितलं, झोळ्या इथं बांधू. पण मला आणि मावशींना दहानंतर अंगणवाडी सोडून इथं बसता येणार नाही. तुमच्यातली एक बाई रोज मागं राहायला हवी.

टोळीची म्होरकी खमकी बाई. पिकअप ठरवणं, रान ठरवणं, शेतकऱ्याशी भांडणं, सगळं तीच करायची. ती म्हणाली, "आन तिची रोजी? गुत्त्यात जी हात लावंल तिचाच वाटा. घरी बसणारीला वाटा कोनी द्यायचा?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. खरंच, काय बोलणार? पोटावर पाय देऊन लेकरं सांभाळा म्हणायला मी कोण? तेवढ्यात मला आठवलं. एकदा सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या रानात गेले होते. सगळ्या वाकून खणत होत्या, गड्डे झटकत होत्या, आणि एक वयस्कर बाई कळशी घेऊन सरीसरीतून फिरत होती. दिवसभरात तिनं कुदळीला हात लावला नव्हता. आणि तरी वाटे पडताना तिचाही वाटा सगळ्यांच्या बरोबरीनं पडला होता.

"मग पाणी पाजणारी?" मी विचारलं. "ती कुठं हात लावते?"

"तिची गोष्ट येगळी," म्होरकी म्हणाली. "ती पाणी आणून राहिली म्हणून आमी खणून राहिलो. ती नसली तर हर एक बाई चार येळा हिरीवर जाईल. काम तुटतं बाई."

"आणि लेकरू रडलं की किती वेळा बांधावर जाता?"

कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरी म्हणाली, हिचं लेकरू तर दिवसभर बांधावरच बोंबलत असतं, ही खणते कवा? मग एकच हशा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशातली गत. मी वरच्या योजनांची वाट बघत होते आणि इलाज यांच्या वाट्यात आधीपासून होता. शेवटी म्होरकी म्हणाली, "बराबर हाय. पाणी पाजणारीचा वाटा तिला बी."

मी सुटकेचा श्वास टाकला, तोवर तिनं त्या चौथीतल्या पोरीकडं बोट केलं. "मग या पोरीलाच बसवा ना. लेकरं सांभाळायला तिच्यासारखी हुशार कोन हाय? अर्धा वाटा देऊ तिला. तिच्या मायला बी आधार."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. बायांना ते एकदम पटलं. त्यांच्या डोक्यात काही वाईट नव्हतं. पोर खरंच हुशार होती, वाटा खरंच कामाला आला असता, आणि सगळ्यांचे हात मोकळे राहिले असते. तिला वर्गात बसवायला म्हणून मी हे सगळं उभं केलं आणि तेच तिला कायमचं बाहेर काढायला निघालं. ती खांबाला टेकून उभी होती, भाऊ कडेवर. तिनं आईकडं बघितलं. मी तोंड उघडलं, पण माझ्या बोलण्याला तिथं काय किंमत होती? माझ्या घरी चूल पेटलेली होती.

"न्हाई," तिची आई म्हणाली.

म्होरकी वळली. "काहून?"

"ती शाळंत जाऊन राहिली."

"अगं, चार दिस बुडाली शाळा तर काय आभाळ कोसळंल?"

"माझी बी अशीच चार दिस बुडाली होती," ती म्हणाली. "ते चार दिस अजून चालूच हायेत."

या बाईच्या तोंडून इतकी वाक्यं सलग मी कधी ऐकली नव्हती. ती उठली, पोरीच्या कडेवरचा पोरगा स्वतःकडं घेतला आणि म्हणाली, "उद्या मी बसते. अर्धा न्हाई, पुरा वाटा द्या."

"तू बसल्यावर रान कवा उरकंल?" म्होरकी तडकली. "सगळ्यात चलाख हात तुझा."

"म्हणून तर. उद्या माझी पाळी, परवा तुझी. मोठ्या बाईचं काम हाय, मोठी बाई करंल. लेकरावर कशाला टाकता?"

मला उठून तिला मिठी मारावीशी वाटली. मारली नाही, कारण आमच्यात आणि त्यांच्यात ते कधी झालेलं नव्हतं. मी फक्त दुसऱ्या दिवशी दोर घेऊन सगळ्यांच्या आधी देवळात हजर झाले.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पाळ्यांवरून भांडणं झाली. एक बाई आपल्या पाळीला आलीच नाही आणि मग तिचं पाणी तोडल्यासारखं सगळ्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. म्होरकीनं आपल्या पाळीचा पहिला दिवस काढला आणि संध्याकाळी कमरेला हात लावून म्हणाली, "याच्यापरीस हळद खणलेली बरी. हिला पाणी पाजणारीहून जास्ती वाटा पायजे." ते कुणी मान्य केलं नाही. मॅडम पुन्हा आल्या तेव्हा त्यांनी देवळाकडं बघितलं, झोळ्या बघितल्या आणि अहवालात लावायला माझ्याकडून फक्त खिचडीचा फोटो काढून घेतला.

मग तालुक्याहून कुणी कुणी बघायला यायला लागलं. बायांनी स्वतःच मार्ग काढला, केवढी जिद्द, असं म्हणून गेले. मला या कौतुकाचा संताप येतो. गरिबांनी आपल्यातच भागवून घेतलं की वरच्यांना टाळ्या वाजवायला बरं पडतं. ज्या वाट्यातून मागं राहणारीला दिलं तो वाटा त्यांच्याच पोटातून निघाला. लेकरू सांभाळणं हे काम आहे, हे त्या टोळीला एका संध्याकाळी कळलं. ते बाकीच्यांना कळायला इतका वेळ का लागावा? म्हणून मी प्रत्येक ग्रामसभेत उठून पाळणाघर मागते. आता मी उभी राहिले की लोक आधीच हसतात. हसू देत. माझे पाय अजून दुखले नाहीत, आणि हल्ली माझ्या शेजारी म्होरकीही उभी राहते.

ती पोरगी होळीआधी सुटली नाही. होळीनंतरही नाही.

जूनमध्ये मी मुद्दाम लवकर ओढा ओलांडून फाट्यावर गेले. गोरेगावची जीप यायची होती. पोरी आपापली दप्तरं पाठीला लावून उभ्या होत्या, आणि ती जरा बाजूला, अजून तशीच डावीकडं कललेली. नवं दप्तर तिनं डाव्या कडेवर घेतलं होतं. खालून हातानं पेललेलं, अंगाशी धरलेलं.

"अगं, पाठीला लाव की," मी म्हणाले. "पट्टे कशाला दिलेत त्याला?"

"पाठीवर असलं की दिसत न्हाई ना बाई," ती म्हणाली. "मागच्या मागं कोनी काढून घेतलं तर?"

जीप आली. क्लीनरनं दप्तर वर टाकायला हात पुढं केला, पण तिनं ते दिलं नाही. एका हातानं दांडा धरून, दप्तर कडेवर घेऊनच ती आत चढली, तांड्यावरच्या बाया लेकरू घेऊन पिकअपमध्ये चढायच्या तशी.